‘फॅक्टर टिकत नाही’: जीन उपचाराच्या दारापर्यंत गेलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

निखिल (नाव बदललं आहे, घरच्यांचे काही तपशीलही) २७ वर्षांचा. तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ हे प्रथिन त्याच्या रक्तात एक टक्काही नाही. भांडुपला डोंगराच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. वडील बेस्टमधून निवृत्त, आई घरी भाजणी आणि मसाले करून विकते, धाकटी बहीण एका खासगी ऑफिसात हिशेब बघते. निखिल स्वतः एका आर्किटेक्टकडे संगणकावर ड्रॉइंग काढतो. बसून करायचं काम त्याने विचार करूनच निवडलं.

आजार या घराला नवा नव्हता. आईचा भाऊ नऊ वर्षांचा असताना संगमेश्वरजवळच्या गावी दात काढल्यानंतर गेला. तीन दिवस रक्त थांबलं नाही. घरात त्याचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी विषय बदलतं. निखिल रांगायला लागला आणि त्याच्या गुडघ्यांवर निळे डाग दिसू लागले, तेव्हा ते पहिल्यांदा ओळखले आजीने. डॉक्टरांनी नंतर ओळखले.

लहानपणी प्लाझ्मा आणि क्रायो (प्लाझ्मा गोठवून वेगळा केलेला, फॅक्टर असलेला भाग), पुढे फॅक्टर. पण कायम ‘ब्लीड झालं की घ्यायचं’ या पद्धतीने. डावा घोटा त्याचा टार्गेट जॉइंट. तिथे इतक्यांदा रक्त उतरलं की सांध्याचं अस्तर जाड झालं आणि आता नुसत्या चालण्यानेही ते फुटतं. भांडुपहून परळला यायचं म्हणजे लोकलची गर्दी आणि पुलाच्या पायऱ्या. ज्या दिवशी घोटा सुजलेला असतो, नेमक्या त्याच दिवशी त्या चढायच्या असतात. सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत मिळतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण मोफत मिळणं आणि वेळेवर मिळणं यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर घोट्यात साठत जातं.

आणखी एक नोंद इथेच करते, कारण पुढे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. निखिल २४ वर्षांचा असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीने करावं लागलं. दहा दिवस रोज दोनदा फॅक्टर दिलं. ऑपरेशन नीट पार पडलं, टाके सुकले, सगळे घरी आले. त्यानंतर वर्षभरात आई म्हणायला लागली, ‘‘हल्ली फॅक्टर टिकत नाही.’’ पूर्वी एका डोसात उतरणारी सूज आता तीन डोस मागत होती. आईने कारणही शोधलं होतं: लोकलमध्ये डबा उन्हात तापतो, बर्फ वितळतो, औषध खराब होतं.

अडचण कशी समोर आली

मी हिमोफिलियाच्या कुटुंबांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. २०२५ च्या जानेवारीत एका शनिवारी निखिल, त्याची आई आणि मामेभाऊ असे तिघं आले. आईच्या पिशवीतून तीन कागद निघाले. एक वर्तमानपत्राचं कात्रण, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या जीन उपचाराचं. दुसरा मामेभावाने छापून आणलेला लेख, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराचा. तिसरा पश्चिम उपनगरातल्या एका खासगी क्लिनिकचा गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक, आणि त्याला स्टेपल केलेली २५,००० रुपयांच्या टोकनची पावती. एकूण खर्च साडेसात लाख. गावची जमीन विकायची बोलणी सुरू झाली होती.

आईचा प्रश्न एकच होता. ‘‘ताई, एकदाच करायचं आणि सुटायचं. कधी करायचं ते सांगा.’’

तिन्ही कागदांवर ‘स्टेम सेल’ किंवा ‘पेशींचा उपचार’ असे शब्द होते. त्यामुळे ती एकच गोष्ट तीन ठिकाणी, तीन दरांत मिळते, असं घरच्यांना वाटलं होतं. वेल्लोर लांब, टाटामध्ये गर्दी, म्हणून जवळचं क्लिनिक. इतका साधा हिशेब. या समजुतीला मी आजही मूर्खपणा म्हणणार नाही. शब्द सारखेच आहेत, आणि माहितीपत्रक छापणाऱ्याला ते ठाऊक होतं.

तीन कागद, तीन वेगळ्या गोष्टी

आधी क्लिनिकचा कागद. त्यांची योजना अशी: पोटाची चरबी काढायची, त्यातल्या ‘मूळ पेशी’ वेगळ्या करायच्या आणि सलाइनमधून परत द्यायच्या. जनुकात काही बदल नाही. मी निखिलच्या आईला एवढंच विचारलं, ‘‘काकू, या पेशी कुणाच्या?’’ ‘‘त्याच्याच.’’ ‘‘मग त्यांच्यात फॅक्टर आठचं जनुक कसं असेल?’’ त्या थांबल्या. ज्या शरीराच्या प्रत्येक पेशीत तेच बिघडलेलं जनुक आहे, त्याच शरीरातल्या पेशी इकडून काढून तिकडे घातल्या तर फॅक्टर कुठून तयार होणार? शिवाय तीव्र हिमोफिलिया असलेल्या माणसाच्या पोटात चरबी ओढायची सुई फिरवायची, आणि संमतिपत्रावर फॅक्टर देण्याचा उल्लेखही नाही. तो कागद मी दोनदा वाचला. ‘रक्तस्रावाची किरकोळ शक्यता’ एवढंच होतं त्यात.

दुसरा कागद खरा होता, पण दुसऱ्या आजाराचा. नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, विषाणूच्या वाहकातून त्यांत नवं जनुक घालायचं आणि परत द्यायच्या, ही पद्धत आपल्या विषयाच्या जवळची आहे. पण त्या पेशी बी-पेशींचा कर्करोग मारायला शिकवलेल्या असतात. फॅक्टर तयार करणं त्यांचं काम नाही. मामेभावाला मी म्हटलं की तुझं वाचन चुकलेलं नाही, फक्त गाडी दुसऱ्या फलाटावरची आहे.

तिसरा कागद, वेल्लोरचा. यावर आम्ही त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच जण होते, २२ ते ४१ वयाचे. सगळ्यांना तीव्र हिमोफिलिया ए. त्यांच्या रक्तातून सीडी३४ ही खूण असलेल्या रक्ताच्या मूळ पेशी गोळा केल्या. प्रयोगशाळेत लेंटिव्हायरसच्या वाहकाने त्यांत फॅक्टर आठचं जनुक घातलं. हे जनुक माणसाच्या आणि डुकराच्या जनुकांचे भाग जोडून बनवलेलं आहे, कारण त्याने प्रथिन जास्त प्रमाणात बाहेर पडतं. जनुकापुढचा ‘स्विच’ असा निवडला की तो मुख्यतः मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशात चालू व्हावा. मग रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जेतली जुनी वस्ती हटवली आणि बदललेल्या पेशी शिरेतून दिल्या. त्या मज्जेत जाऊन वसल्या, वाढल्या आणि त्यांच्यापासून तयार झालेल्या मोनोसाइट पेशी फॅक्टर आठ बनवू लागल्या.

आकडे मी कागदावर लिहून दिले, कारण ऐकलेला आकडा घरी जाईपर्यंत वाढतो. पहिल्या दोघांत फॅक्टरची पातळी साधारण ५ आणि २ टक्क्यांवर राहिली. पुढच्या तिघांच्या पेशींत वाहक नीट शिरावा म्हणून एक साहाय्यक द्रव्य वापरलं. त्यांच्यात ती सुमारे ३७, १९ आणि ४० टक्के झाली. पाचही जणांच्या निरीक्षणाचा काळ एकत्र केला तर ८१ महिने होतो, आणि त्यात उपचारानंतर वर्षाला होणाऱ्या रक्तस्रावांचं प्रमाण शून्य.

शून्य! त्या आकड्यावर आईचं बोट थांबलं. मलाही तो आकडा पहिल्यांदा वाचताना गलबलून आलं होतं, हे लपवायचं कारण नाही. परदेशात यकृतात एएव्ही विषाणूने जनुक पोचवणारी औषधं मान्य झाली आहेत. हिमोफिलिया बी (त्यात फॅक्टर नऊ कमी असतं) या आजारावरच्या पहिल्या औषधाची अमेरिकेतली किंमत ३५ लाख डॉलर जाहीर झाली होती. त्या वाटेला आपल्याकडे अडचणीही अनेक. पुष्कळांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध आधीच प्रतिपिंडं असतात. जुन्या रक्तसंक्रमणातून कावीळ सी झालेल्यांचं यकृत दुबळं असतं. लहान मुलांचं यकृत वाढताना जनुक विरळ होत जातं. आणि फॅक्टर आठच्या बाबतीत मिळालेली पातळी वर्षागणिक उतरत गेलेली दिसते. मूळ पेशींच्या वाटेने जनुक गुणसूत्रातच बसतं आणि पेशी विभागली की प्रत सोबत जाते. म्हणून आपल्या देशातल्या एका रुग्णालयात हे घडणं किती मोलाचं आहे, हे मी घरच्यांना मनापासून सांगितलं.

आणि मग दुसरी बाजू. तीव्र केमोनंतर सात ते अकरा दिवस पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात, प्लेटलेटही उतरतात. हिमोफिलिया असलेल्या माणसाच्या प्लेटलेट उतरणं म्हणजे दोन्ही बाजूंचे बांध एकदम उघडे, त्या काळात फॅक्टरचं संरक्षण हवंच. केमोने वीर्यनिर्मिती कायमची बंद पडू शकते, म्हणून आधी वीर्य गोठवून ठेवावं लागतं. आणि जनुक गुणसूत्रात नेमकं कुठे बसेल ते आपल्या हातात नसतं. मेंदूच्या एका दुर्धर आजारासाठी दिलेल्या अशाच प्रकारच्या दुसऱ्या उपचारात ६७ पैकी ७ मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, हे २०२४ मध्येच प्रसिद्ध झालं. तिथला वाहक वेगळा होता, त्याचा स्विच सगळ्याच पेशींत जोरात चालणारा होता. वेल्लोरच्या पाच जणांत असं काही झालेलं नाही. पण पाच जण आणि काही महिने एवढ्यावरून पुढच्या वीस वर्षांची हमी कुणी देऊ शकत नाही.

‘एकदाच’ या शब्दात एवढं सगळं असतं.

समोर असलेले पर्याय

क्लिनिकचा पर्याय आमच्या दृष्टीने उरला नव्हता, पण टोकन भरलेलं होतं आणि घरच्यांच्या मनात तो पुरता गेलेला नव्हता. त्याखेरीज तीन वाटा होत्या.

पहिली, जीन उपचाराच्या चाचणीत जाण्याचा प्रयत्न. जाणं-येणं, काही महिन्यांची रजा, आईने सोबत राहणं, आणि वर सांगितलेली जोखीम.

दुसरी, एमिसिझुमॅब. ही दोन टोकांची प्रतिपिंड आहे. एका टोकाने फॅक्टर नऊ (सक्रिय झालेला) धरते, दुसऱ्याने फॅक्टर दहा, आणि दोघांना जवळ आणून फॅक्टर आठचं काम भागवते. त्वचेखाली टोचायचं, शीर शोधायची नाही. पहिले चार आठवडे दर आठवड्याला, मग एक, दोन किंवा चार आठवड्यांनी. जनुक तसंच राहतं, इंजेक्शन कायम चालू ठेवावं लागतं, आणि सरकारी रुग्णालयातून मिळवायला अर्ज, मंजुरी, पाठपुरावा.

तिसरी, आहे तसंच, पण नियमित. आठवड्यातून दोन-तीनदा फॅक्टर घेऊन ब्लीड होऊच न देणं. फॅक्टर आठचं अर्धायुष्य जेमतेम आठ ते बारा तासांचं, त्यामुळे शिरेत वारंवार टोचणं आलं. साठ किलोच्या माणसाला १,२०० युनिट दिले की पातळी साधारण ४० टक्क्यांनी वाढते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातलं थोडंच उरतं.

आई पहिल्या वाटेवर ठाम होती. वडील गप्प. मामेभाऊ वेल्लोरच्या गाड्या शोधू लागला होता. निखिल मोबाइलवर काहीतरी बघत होता.

पहिला निर्णय: टोकन

क्लिनिकला विचारायला मी घरच्यांना तीन प्रश्न लिहून दिले. ही चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला तिचा नोंदणी क्रमांक काय? कुठल्या नैतिकता समितीने ती मान्य केली? आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कसे घेता? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची स्टेम सेलबद्दलची आणि २०१९ ची जीन उपचारांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत. सिद्ध न झालेला असा उपचार मान्य चाचणीच्या बाहेर विकायचा नाही, आणि प्रयोगाचा खर्च रुग्णावर टाकायचा नाही.

बहिणीने फोन केला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की ‘ही ट्रायल नाही, हा ट्रीटमेंट आहे’ आणि डॉक्टर परत फोन करतील. फोन आला नाही. टोकन परत मिळालं नाही. आईला ते २५,००० फार लागले. किती किलो भाजणी, ते तिने तोंडी हिशेब करून सांगितलं. पण जमीन वाचली.

दुसरा निर्णय: निखिलशी एकट्याशी बोलणं

हे मी तिसऱ्या भेटीत केलं. पहिल्या भेटीत करायला हवं होतं.

सत्तावीस वर्षांचा माणूस समोर बसलेला, आणि मी दीड तास त्याच्या आईच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. हिमोफिलियाच्या घरांत हे नेहमी होतं. मुलगा मोठा झाला तरी आजार आईच्या ताब्यात असतो, कारण वीस वर्षं तीच त्याला उचलून धावलेली असते. त्यात तिचा दोष नाही. पण ते ओळखून खुर्च्या हलवणं माझं काम होतं.

एकटा बसल्यावर तो आधी घोट्याबद्दल बोलला, मग पगाराबद्दल. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘ताई, एक मुलगी आहे. ऑफिसातली. तिला सगळं माहितीये. तिला मुलं हवीत.’’ केमो आणि वीर्य गोठवणं हा भाग आईसमोर ऐकताना तो मोबाइलमध्ये का बघत होता, ते मला तेव्हा कळलं. त्याला एक गोष्ट नीट माहीत नव्हती: हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या मुलग्यांना हा आजार बापाकडून येत नाही, मात्र त्याच्या सगळ्या मुली वाहक होतात, म्हणजे बिघडलेलं जनुक त्यांच्याकडे जातं. त्याने हे कागदावर स्वतः आकृती काढून पाहिलं, ड्रॉइंगवाल्याच्या सरळ रेषांत. आणि म्हणाला, ‘‘मला ब्लीड बंद व्हायला हवंत. बरा व्हायची मला एवढी घाई नाहीये. घाई आईला आहे.’’

त्या वाक्यानंतर पर्यायांचा क्रम बदलला.

तिसरा निर्णय: आधी इनहिबिटर

एमिसिझुमॅबचा अर्ज करायचं ठरलं. त्याची कागदपत्रं लावताना जुन्या केसपेपरांत मी इनहिबिटरचा शेवटचा रिपोर्ट शोधत होते. बाहेरून दिलेलं फॅक्टर आठ शरीराला परकं वाटलं तर ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्यांना इनहिबिटर म्हणतात. ती असली की दिलेलं फॅक्टर रक्तातच निकामी होतं. शेवटचा रिपोर्ट निखिल एकोणीस वर्षांचा असतानाचा होता. निगेटिव्ह.

एकोणीस. आणि ऑपरेशन चोवीसाव्या वर्षी. दहा दिवस, रोज दोनदा. थोड्या काळात भरपूर फॅक्टर मिळणं हे इनहिबिटर तयार होण्याचं ओळखीचं निमित्त आहे. आणि आई किती दिवस सांगत होती? ‘फॅक्टर टिकत नाही.’ मी ते ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि चांगला थर्मासचा डबा कुठे मिळतो ते सांगितलं होतं.

इथे घाई करायला कारण होतं. एमिसिझुमॅब सुरू झाल्यावर नेहमीच्या गोठण्याच्या चाचण्या फसतात. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, नॉर्मल दिसतो, आणि त्यावर आधारलेली इनहिबिटरची चाचणीही निरुपयोगी होते. गाईच्या प्रथिनांवर चालणारी वेगळी रंगमापक चाचणी करावी लागते, ती सगळीकडे मिळत नाही. औषधाचं अर्धायुष्य महिन्याच्या आसपास, त्यामुळे बंद केलं तरी त्याचा परिणाम पाच-सहा महिने रेंगाळतो. म्हणून पहिला डोस पडण्याआधी तपासणं सगळ्यात सोपं.

शेवटच्या फॅक्टरनंतर तीन दिवस जाऊ दिले. नमुना घेताना मी सोबत होते. निळ्या टोपीची नळी, आत सायट्रेट. त्यात रक्त बरोबर खुणेपर्यंतच यायला लागतं, कमी पडलं तर द्रवाचं प्रमाण बिघडतं आणि रिपोर्ट खोटा येतो. निखिलच्या हातावरच्या शिरा वापरून वापरून दोरीसारख्या झालेल्या. नर्सने दोनदा प्रयत्न केला, मग निखिलनेच डाव्या मनगटाजवळ बोट ठेवून सांगितलं, ‘‘इथून घ्या, ही देते.’’ नळी खुणेपर्यंत भरली.

रिपोर्ट आला: ३.४ बेथेस्डा युनिट (इनहिबिटर मोजायचं माप). काही आठवड्यांनी परत केला, २.८. पाचच्या खाली म्हणजे कमी पातळीचा, पण आहे.

वेल्लोरच्या प्रसिद्ध अभ्यासात इनहिबिटर नसलेलेच रुग्ण घेतले होते, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ज्या शरीराने फॅक्टर आठविरुद्ध शस्त्र उचललंय, त्यात फॅक्टर आठ बनवणाऱ्या पेशी बसवून काय होईल, हा वेगळाच प्रश्न आहे. म्हणजे पहिली वाट निदान तूर्त बंद. नियमित फॅक्टरची तिसरी वाटही बंद, कारण फॅक्टर टिकणारच नाही. इनहिबिटर मोडून काढायला महिनोन्‌महिने रोज फॅक्टर देण्याची पद्धत आहे, पण तेवढा पुरवठा आणि त्या शिरा, दोन्हींचा विचार करून हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांनी, ती बाजूला ठेवली. एमिसिझुमॅबला मात्र इनहिबिटरचा अडथळा होत नाही.

आईला हे सांगणं अवघड गेलं. वेल्लोरचं दार बंद झालं हे ऐकून ती रडली नाही. ती म्हणाली, ‘‘म्हणजे डब्यात काही बिघडत नव्हतं.’’ दोन वर्षं ती स्वतःला दोष देत होती, बर्फ कमी घातला म्हणून. मला त्याची कल्पनाही नव्हती.

पुढे काय झालं

अर्ज मंजूर व्हायला दोन महिने लागले. मधल्या काळात दोन ब्लीड झाले, ते इनहिबिटर असतानाही चालणाऱ्या सक्रिय फॅक्टर सातने आवरले. मे महिन्यात पहिला डोस. चौथ्या डोसानंतर निखिल स्वतः पोटाला टोचून घ्यायला शिकला. आता दर दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी.

आधीच्या वर्षात त्याच्या वहीत एकोणीस ब्लीड होते, आणि वही त्याने नीट ठेवली नव्हती, म्हणजे खरा आकडा जास्तच. सुरुवातीनंतरच्या नऊ महिन्यांत दोन, दोन्ही मार लागून. घोट्याचं झालेलं नुकसान भरून आलेलं नाही, येणारही नाही. पण फिजिओथेरपी सुरू आहे आणि पुलाच्या पायऱ्या तो कठडा न धरता उतरतो.

पाकिटात एक कार्ड असतं: औषधाचं नाव, इनहिबिटर आहे, एपीटीटीवर विश्वास ठेवू नका, आणि एपीसीसी हे (इनहिबिटर असताना रक्त थांबवायला वापरतात ते) औषध तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण ते मोठ्या डोसात एमिसिझुमॅबबरोबर दिल्यावर रक्ताच्या गुठळ्यांचे गंभीर प्रकार घडले आहेत. अपघात झाला आणि हे कार्ड सापडलं नाही तर समोरच्या डॉक्टरला नॉर्मल एपीटीटी दिसेल आणि तो निर्धास्त होईल. म्हणून एक प्रत मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आहे.

बहिणीचं वेगळं सांगायला हवं. परळच्या राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षा संस्थेत, जिला सगळे एनआयआयएच म्हणतात, निखिलच्या जनुकातला बिघाड तपासला. इंट्रॉन २२ चा उलटा झालेला तुकडा. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत हाच सापडतो. घरातला बिघाड एकदा कळला की बहिणीची तपासणी सोपी होते. ती वाहक निघाली, आणि तिची स्वतःची फॅक्टर पातळी ३४ टक्के. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं, पाळीत किती रक्त जातं? तेराव्या वर्षापासून दर महिन्याला दोन दिवस ती अंथरुणाला खिळते आणि लोहाच्या गोळ्या खाते. ‘अशक्त आहे’ एवढंच तिच्याबद्दल घरात बोललं जायचं. ३४ टक्के म्हणजे सौम्य हिमोफिलियाच. आता तिचाही केसपेपर आहे, पाळीत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड घेते, आणि अक्कलदाढ काढायची वेळ आली तेव्हा दंतवैद्याने आधी हिमॅटॉलॉजिस्टला फोन केला. मामाच्या दाताची गोष्ट या घरात पुन्हा घडायला नको होती.

काय वेगळं करता आलं असतं

ऑपरेशननंतर इनहिबिटरची तपासणी व्हायला हवी होती. रुग्णालयातून सोडताना, मग काही आठवड्यांनी, मग वर्षातून एकदा. तेव्हा ती कुणाची जबाबदारी होती? शल्यचिकित्सेचा विभाग म्हणेल रक्तविकारांचा, रक्तविकारांचा विभाग म्हणेल रुग्ण परत आलाच नाही. आता आम्ही आमच्याकडच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर शेवटच्या इनहिबिटर तपासणीची तारीख लिहितो, ठळक. कुणाचंही ऑपरेशन झालं की पुढची तारीख त्याच दिवशी टाकतो.

‘फॅक्टर टिकत नाही’ हे आईचं वाक्य एक लक्षण होतं, आणि मी ते तक्रार म्हणून ऐकलं. घरातली बाई वीस वर्षं रोज तेच औषध बघत असेल आणि म्हणत असेल की ते पूर्वीसारखं चालत नाही, तर डबा बदलायच्या आधी रक्त तपासायला हवं.

जीन उपचाराबद्दल विचारणाऱ्यांशी बोलताना आता मी वेगळ्या क्रमाने जाते. आधी रुग्णाशी एकट्याशी. मग इनहिबिटर, यकृत, सांधे. मग मुलंबाळं हवीत का, आणि वीर्य कुठे, कुणाच्या खर्चाने गोठवायचं. मग सोबत कोण राहणार. आकडे सगळ्यात शेवटी. निखिलच्या घरी मी आकड्यांपासून सुरुवात केली, आणि त्या शून्यावर ठेवलेलं बोट काढायला आईला तीन महिने लागले. ते दुःख टाळता येण्यासारखं होतं.

एका गोष्टीबद्दल मला अजून खात्री नाही. आधी इनहिबिटर तपासलाच नसता, आणि घरचे तसेच वेल्लोरला गेले असते, तर तिथल्या तपासणीत तो कळलाच असता. तिथून परत येणं जास्त कठीण गेलं असतं, असं मला वाटतं. निखिलच्या आईचं म्हणणं वेगळं आहे: ‘‘एकदा जाऊन तर आलो असतो.’’

गेल्या तपासणीत, त्या गाईच्या प्रथिनांवरच्या चाचणीने, इनहिबिटर ०.५ बेथेस्डा युनिट आला. सहसा ०.६ च्या खाली निगेटिव्ह धरतात. एका रिपोर्टवरून काही ठरत नाही, आणि शरीराची आठवण जाते असंही नाही. सहा महिन्यांनी परत करायचा आहे. लग्न डिसेंबरमध्ये आहे.

निखिलने फाइलच्या मागच्या कप्प्यात एक कागद ठेवलाय. कधी चाचणीच्या डॉक्टरांसमोर बसायची वेळ आली तर विचारायचे प्रश्न, ड्रॉइंगवर असतात तशा ठाशीव अक्षरांत, क्रमांक घालून. वीर्य गोठवण्याचा प्रश्न दुसरा आहे. पहिला असा: ‘गुणसूत्रात जनुक घालणाऱ्या उपचारांत पंधरा वर्षं लक्ष ठेवावं असं म्हणतात. चाचणीचे पैसे संपले तर त्या पंधरा वर्षांत मला कोण बोलावणार?’